वळताना चाकातून खरखर येते? पार्ट बदलण्याआधी हे वाचा

गाडी वळवताना पुढून खरखर यायला लागली की कुणीतरी हमखास सांगतं, "ॲक्सल गेला", म्हणजे चाकाला इंजिनाची ताकद पोचवणारा दांडा. मग चांगला ॲक्सल निघतो, नवा बसतो आणि आवाज आहे तसाच राहतो. बीडमध्ये आमच्या गॅरेजला येणाऱ्या ग्राहकांचा असा खर्च वाचावा म्हणून हे पत्रक काढलं आहे. वळताना आवाज करणाऱ्या जागा बऱ्याच आहेत, पण प्रत्येकीचा आवाज वेगळा आणि तो यायची वेळही वेगळी. ती वेळ तुम्ही नीट सांगितलीत तर निम्मं निदान तिथंच होतं.

खडा अडकला असेल तर

शेतरस्त्यावरून किंवा काम चालू असलेल्या रस्त्यावरून आल्यावर अचानक पत्रा घासल्यासारखा कर्कश आवाज सुरू झाला, तर घाबरू नका. ब्रेकच्या डिस्कमागे एक पातळ पत्रा असतो. त्याच्या आणि डिस्कच्या मधे बारीक खडी अडकते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल रिममध्ये बसून वाळला की तोही तिथं घासतो. मोकळ्या जागी गाडी हळू पाच-दहा मीटर मागे घ्या, बऱ्याचदा खडा निघून पडतो. नाहीच निघाला तर आम्ही चाक उतरवून काढून देतो. यात कुठलाही पार्ट लागत नाही. कुणी सांगितला तर तो पार्ट आधी दाखवायला सांगा.

कटकट: ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट

पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत स्टेअरिंग पूर्ण वळवून हलका ॲक्सिलरेटर दिला की कट-कट-कट असा आवाज येतो, वेग वाढला की तो जलद होतो आणि सरळ रस्त्यावर थांबतो. हा सीव्ही जॉइंट. मैदानात दोन्ही बाजूंना एकेक गोल चक्कर मारलीत की कळतं. मग चाकाच्या आतल्या बाजूला बॅटरीचा उजेड टाकून जॉइंटवरचा रबरी बूट पाहा. तो फाटला असेल तर काळं ग्रीस रिमवर आतून उडालेलं दिसेल.

खरं दुखणं त्या बुटातच सुरू होतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबर कडक होऊन घड्यांवर तडकतं, ग्रीस बाहेर जातं आणि धूळ-पाणी आत शिरतं. बूट नुकताच फाटला असेल आणि आवाज आलेला नसेल, तर जॉइंट धुऊन, योग्य ग्रीस भरून नवा बूट बसवला की भागतं. कटकट सुरू झाल्यावर मात्र आतल्या गोळ्या आणि खाचा झिजलेल्या असतात. तेव्हा नुसतं ग्रीस भरण्यात पैसे घालू नका, चार दिवसांत आवाज परत येतो. म्हणून ऑइल बदलायला गाडी आली की आम्ही न सांगता चारही बूट बघतो.

घरघर: चाकाचं बेअरिंग

हा आवाज वेगाबरोबर वाढतो आणि सरळ रस्त्यावरही थोडा असतोच. डावीकडे वळताना गाडीचं वजन उजव्या चाकांवर येतं. तेव्हा आवाज वाढला तर बहुतेक वेळा उजव्या बाजूचं बेअरिंग असतं, आणि उजवीकडे वळताना वाढला तर डावीकडचं. मांजरसुंब्याच्या घाटात दोन्ही वळणं पाठोपाठ येतात, तिथं हा फरक लगेच कानावर येतो. गॅरेजमध्ये आम्ही चाक उचलून, वर-खाली धरून हलवतो आणि एक हात स्प्रिंगवर ठेवून फिरवतो. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून हाताला लागते.

फरशी पुलावरच्या पाण्यातून गाडी घातली की सीलमधून पाणी आत जातं आणि काही दिवसांनी हीच घरघर सुरू होते. (पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालूच नका. तिथं प्रश्न बेअरिंगचा नसतो, जिवाचा असतो.) बेअरिंग प्रेसवरच (दाबून बसवायच्या यंत्रावर) बसवून घ्या. हातोड्याने ठोकून बसवलेलं नवं बेअरिंगही लवकर वाजतं. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकी पट्टी असते. ती बाजू उलटी बसली तर मीटरमधला एबीएसचा दिवा जळत राहतो.

बाकीचे आवाज

गाडी जागेवर उभी असताना स्टेअरिंग फिरवल्यावर करकर, मधेच टक्क होऊन धक्का बसतो: शॉकअपच्या वरचं माउंटिंग. स्टेअरिंग टोकाला नेल्यावर कण्हल्यासारखा आवाज येतो: पॉवर स्टेअरिंगचं ऑइल कमी असेल. पण आजकालच्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्टेअरिंग इलेक्ट्रिक आहे, त्यात ऑइल नसतंच. मोठ्या मापाचे टायर टाकल्यानंतर आवाज सुरू झाला असेल तर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकवर घासल्याची खूण शोधा. ब्रेक दाबला की खरखर वाढत असेल तर पॅड संपले आहेत. ३ मिमीपर्यंत आले की बदलायचे, लोखंडाला लोखंड लागलं की डिस्कही जाते.

मागची चाकं ओढणाऱ्या जीपमध्ये वळताना मागून खरखर आली तर डिफरन्शिअलचं (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरच्या डब्याचं) ऑइल तपासा. त्यातले छोटे गिअर मुख्यतः वळतानाच फिरतात, म्हणून आवाज वळणावरच येतो. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या मुकादमांना आमचं कळकळीचं सांगणं आहे की माणसं भरून लांबच्या कारखान्याला निघण्याआधी हे बघून घ्या.

गाडी चालवू नका, जर…

खड्ड्यात खाडकन आवाज येतो, स्टेअरिंग सैल लागतं किंवा गाडी एका बाजूला ओढते. लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट सुटला तर चाक आडवं पडतं. अशी गाडी महामार्गावर आणू नका, टो करून आणा किंवा आम्हाला बोलवा.

येताना एवढं लक्षात ठेवून या: आवाज कोणत्या बाजूला वळताना येतो, किती वेगाला, ब्रेक दाबल्यावर बदलतो का, आणि त्याआधी टायर, पाणी, चिखल असं काय घडलं. तुम्हाला शेजारी बसवून आम्ही एक चक्कर मारतो. पार्ट बदलला तर जुना तुमच्या हातात देतो.