पळणारा साप आणि बसून राहणारा साप

जूनचा पहिला दणक्याचा पाऊस पडला की आमच्याकडे रायगडात रात्री कोणी घरात थांबत नाही, कारण वलगण चढते. म्हणजे शेतात, ओहोळात नवं पाणी आलं की नदीतले मासे अंडी घालायला उलटे वर चढतात, आणि बॅटरी, पाग, कोयता, अगदीच काही नसेल तर घरातली बादली घेऊन अर्धा गाव बांधावर. (अंडीवाले मासे धरू नयेत हे मला मान्य आहे, त्यावर भांडण दुसऱ्या दिवशी.)

अशाच एका रात्री माझ्या मावसभावाने पाग ओढला आणि आत माशांबरोबर एक हातभर जनावर वळवळत होतं. सोडवायला गेला तर त्याने कडकडून बोटाला धरलं, रक्त भळाभळा, आणि हा ओरडायला लागला, पान लागलं, पान लागलं, म्हणजे साप चावला. सगळे धावले. गावातले एक काका शांतपणे बॅटरी मारून म्हणाले, "दिवड हाय रे, काय नाय होत, गप." आणि तीच बॅटरी परत फिरवताना मध्येच थांबली. मावसभावाच्या पायापासून दोन-अडीच फुटांवर, बांधाच्या कडेला गवतात, घोणस. वेटोळं घालून, निवांत. तिथून आम्ही तासाभरात चार-पाच वेळा तरी ये-जा केली होती. तिने ना फुत्कार टाकला, ना हलली.

मला साप या विषयाचं वेड लागलं ते तिथून. कारण ज्याने चावून गोंधळ घातला तो बिनविषारी निघाला, आणि जिच्यामुळे माणूस जाऊ शकला असता ती गप्प बसून होती. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं की तो योगायोग नव्हता.

सापांचे पोट भरायचे ढोबळमानाने दोन धंदे आहेत. एक शोधून खाणारे. धामण, दिवड, नाग हे यातले. हे फिरतात, बिळात डोकावतात, भक्ष्याच्या मागे धावतात. सडपातळ अंग, चपळ चाल. धोका दिसला की यांची पहिली प्रतिक्रिया पळायची, जमलं नाही तर नाटक करायचं. नागाचा फणा हे त्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण, आणि दिवडसुद्धा कोंडीत सापडली की मान चपटी करून उभी राहते, म्हणून दरवर्षी किती दिवडी नाग समजून मारल्या जातात देव जाणे.

दुसरा धंदा बसून खायचा. घोणस, फुरसं, चापडा, म्हणजे एकूण व्हायपर कुळ. हे एक जागा पकडतात, उंदराची वाट, बेडकाची वाट, आणि तिथे तासन् तास बसतात, कधी कधी दिवसेंदिवस. अंग जाड, आखूड, पळायला निरुपयोगी. त्याऐवजी त्यांच्याकडे दोन गोष्टी आहेत: अंगावरची नक्षी, जी पालापाचोळ्यात विरघळून जाते, आणि तोंडात मिटून ठेवता येणारे लांब दात. भक्ष्य जवळ आलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत दंश, आणि बहुतेक वेळा लगेच सोडून द्यायचं. उंदीर थोडा पळतो, मरतो, आणि साप जीभ लपलप करत त्याचा वास काढत सावकाश जातो. जिभेवरचे वासाचे कण टाळूतल्या जेकबसन्स ऑर्गनला पोचतात, तो त्याचा जीपीएस.

आता या दुसऱ्या धंद्यातल्या सापाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुमचं सगळं आयुष्य न दिसण्यावर उभं आहे. समोरून धप धप करत एक मोठा प्राणी येतोय. पळालात तर दिसाल. मग काय कराल? बसून राहाल. अगदी पाय अंगावर पडेपर्यंत.

आणि इथेच आपला ट्रेकरांचा लाडका सल्ला थोडा तोकडा पडतो, की पाय आपटत चला, काठी आपटा, साप निघून जातात. सापाला बाहेरचा कान नाही पण तो ठार बहिरा नाही, जमिनीतली कंपनं जबड्याच्या हाडातून त्याच्या आतल्या कानापर्यंत पोचतात. त्यामुळे नाग, धामण यांना तुमची वर्दी लागते आणि ते वाट सोडतात, ते खरंच आहे. पण घोणशीला वर्दी लागली तरी ती उठून जाईलच असं नाही. काठीचा खरा उपयोग आवाज करायला कमी आणि पुढचं गवत बाजूला करून बघायला जास्त. रात्री तर बॅटरीला पर्याय नाही, आणि ती मोबाइलची नाही, हातात धरायची चांगली, पायापुढे प्रकाश पडेल अशी.

घोणस दिसली तर ओळखायला तशी अवघड नाही, पाठीवर साखळीसारखे गडद ठिपके तीन रांगांत, आणि चिडली की प्रेशर कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा लांबच लांब सूं आवाज. तरी लोक तिला अजगराचं पिल्लू समजून उचलतात! यापेक्षा वाईट चूक सह्याद्रीत दुसरी नसेल. पावसाळ्याच्या तोंडाला तिची पिल्लंही असतात, ती अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, एका वेळी वीस-चाळीस, आणि प्रत्येक पिल्लू जन्मल्यापासून विषारी.

खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळांवर गेलात की घोणशीपेक्षा फुरशाची भीती जास्त. वीतभर, फार तर हात-दीड हात लांब, मातकट रंगाचं, जांभ्या दगडाच्या कपारीत किंवा दगडाखाली बसलेलं. इंग्रजांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारून आणणाऱ्याला बक्षीस मिळायचं, ढिगाने मारली, पण सड्यावर फुरसं आजही आहेच. त्याच्या अंगाच्या बाजूचे खवले करवतीच्या दातांसारखे असतात, अर्धचंद्रासारखी वेटोळी एकमेकांवर घासून ते तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज काढतं. हा आवाज ऐकू आला तर जिथे आहात तिथेच थांबा, आधी आवाज कुठून येतोय ते बघा, मग मागे व्हा. उगाच उडी मारली तर दुसऱ्या दगडावर दुसरं असू शकतं. बसायला, चूल मांडायला दगड उचलताना बोटं खाली घालून उचलू नका, आधी काठीने कलंडवा. त्याच दगडाखाली विंचूही असतो, आणि कोकणातल्या लाल विंचवाने किती माणसं घेतली ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम माहीत असणाऱ्यांना सांगायला नको. त्यांनी विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून दाखवलं आणि चित्रच बदललं.

चापडा मात्र डोळ्यांच्या उंचीवर भेटतो. हिरवागार, धबधब्याच्या, ओढ्याच्या कडेच्या झुडपात फांदीला विळखा घालून. आंबोली, गोव्याच्या बाजूला मलबारी चापडा हिरवा, तपकिरी, पिवळट अशा कुठल्याही रंगात मिळतो. यांच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक खड्डा असतो, त्याने उष्णता 'दिसते'. २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी शोधलं की या खड्ड्यातल्या नसांवर (म्हणजे मज्जातंतूंवर) टीआरपीए१ नावाचं प्रथिन असतं आणि तेच उष्णतेने जागं होतं. गंमत म्हणजे माणसातही ते प्रथिन आहे, पण आपल्याला ते मोहरी-वसाबीचा झणका जाणवून देतं. चापड्याच्या दंशाने हात भोपळ्यासारखा सुजतो, वेदना भयंकर, पण जीव जाणं दुर्मिळ. तेव्हा रॉक पॅचवर आधाराला फांदी पकडताना आधी फांदीकडे बघा, एवढंच.

मण्यार या सगळ्या हिशोबात बसत नाही. ती शोधून खाणारी, पण रात्रीची, आणि तिचा धोका चालताना कमी, झोपल्यावर जास्त. गडावरच्या गुहेत, देवळात आपण जमिनीवर पसरतो ना, तिथे. दंश इतका बारीक की माणूस जागाही होत नाही, सूज नाही, खूण नाही. पहाटे पोट दुखतं, उलटी होते, लोक म्हणतात रात्रीची भाजी बाधली. मग पापण्या जड होतात, त्या उचलतच नाहीत. मण्यारीचं विष नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर, नसेच्या टोकालाच उद्ध्वस्त करतं, त्यामुळे ते टोक परत उगवेपर्यंत व्हेंटिलेटरवर दिवस काढावे लागू शकतात. नागाचं विष त्याच सांध्याच्या पलीकडच्या बाजूला, स्नायूवरच्या कुलपात काडी घालून ठेवल्यासारखं काम करतं, म्हणून नागाच्या दंशात निओस्टिग्मिन या औषधाचा उपयोग होतो आणि मण्यारीत फारसा होत नाही. उपाय स्वस्त आहे: चेनवाला तंबू, नाहीतर मच्छरदाणी, कडा चटईखाली नीट खोचून. सकाळी बूट झटकून घाला.

व्हायपरांचं विष वेगळं, ते रक्तावर जातं, आणि कसं ते ऐकण्यासारखं आहे. घोणशीचं विष रक्त पातळ करत नाही, उलट गोठवायला लावतं. रक्त गोठवणारे घटक ते एकदम सगळे कामाला लावतं, अंगभर बारीक बारीक गुठळ्या, आणि थोड्या वेळात तो साठाच संपतो. मग हिरडीतून, लघवीतून, जुन्या जखमेतून रक्त येतं आणि थांबत नाही. मूत्रपिंडं बसतात, डायलिसिस लागतं. तपासणी किती साधी बघा: कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलि रक्त घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं, मग तिरकं करायचं. रक्त वाहिलं तर प्रतिविष सुरू. लाखो रुपयांचं मशीन नको. हेच विष लॅबमध्ये रक्ताच्या एका तपासणीत वापरतात, आणि फुरशाच्या विषातल्या एका प्रथिनाची नक्कल करून टिरोफिबान नावाचं औषध निघालं, जे हार्ट अटॅकच्या पेशंटला देतात.

हे कळलं की चिरा मारून विष काढायचा गावठी उपाय किती भयंकर आहे ते आपोआप कळतं, ज्याचं रक्त गोठणारच नाही त्याला तुम्ही कापताय. दोरी आवळून बांधणं तसंच, विष तिथेच कोंडून मांस सडतं. करायचं एवढंच: अंगठी, कडं, घड्याळ, पैंजण काढा, सूज आली की ते रुततात. हाड मोडल्यावर बांधतो तशी काठी लावून हात-पाय स्थिर ठेवा. पेशंटला चालवू नका, उचलून आणा. १०८ ला फोन, गाडी पोचत नसेल तर बाइकवर दोघांच्या मध्ये बसवून. साप मारून न्यायची गरज नाही, लांबून फोटो मिळाला तर ठीक, आपलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच आहे.

ते बनतं घोड्यात. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं, त्याचं शरीर प्रतिपिंडं बनवतं, ती रक्तातून वेगळी करायची. परळच्या हाफकिनमध्ये हे काम कित्येक दशकं झालंय. विष येतं मुख्यतः चेन्नईजवळच्या इरुळा आदिवासींच्या १९७८ साली सुरू झालेल्या सहकारी संस्थेकडून. अडचण अशी की तमिळनाडूतल्या घोणशीचं विष आणि आपल्याकडच्या घोणशीचं विष तंतोतंत सारखं नसतं, बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या संशोधकांनी हा प्रादेशिक फरक दाखवून दिलाय. दुसरं म्हणजे चापड्यावर हे प्रतिविष चालत नाही. आणि समुद्रसापावरही नाही, म्हणजे मालवणात रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात) माशांबरोबर जे चपट्या शेपटीचे साप येतात ते. ते चावायला फार अनुत्सुक असतात, मच्छीमार त्यांना रोज जाळ्यातून सोडवतात, पण चावलाच तर आधी काहीच दुखत नाही आणि मग अंगातला प्रत्येक स्नायू ठणकतो, लघवी कोकमाच्या पाण्यासारखी होते. किनाऱ्यावर हौशी गळ टाकणाऱ्यांनी ओढून आलेला "बाम" (सापासारखा लांब मासा) हाताने धरण्याआधी शेपटी बघावी. वल्ह्यासारखी चपटी असेल, अंगावर खवले असतील तर लांब राहावं, दोरा कापून टाकावा.

ट्रेकला प्रतिविषाची बाटली सोबत ठेवू का, असं मला बरेच जण विचारतात. नाही. ते शिरेतून द्यावं लागतं, सुरुवातच आठ-दहा बाटल्यांची असते (लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल बघून विष कमी टोचत नाही) आणि घोड्याच्या प्रथिनाची रिअॅक्शन आली तर अॅड्रेनालिन हाताशी लागतं.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. यात ट्रेकर मूठभर असतील, बाकी बहुतेक शेतात राबणारे आणि जमिनीवर झोपणारेच. मी आता कुठेही मुक्कामाला जायच्या आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात फोन करून ठेवतो. मागच्या पावसाळ्यात केला, विचारलं, एएसव्ही (म्हणजे हेच प्रतिविष) आहे का तुमच्याकडे.

"कोणाला चावलाय?"

"कोणाला नाही."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "आहे की. कुठं निघालात?" मी नदीचं नाव सांगितलं. "मासे धरायला? बांधावरनं जाऊ नका मग, रस्त्याकडनं जावा. घोणशी लई निघाल्यात औंदा तिकडं."