कुंडीतील फळझाडे

कुंडीतील फळझाडे : गच्चीत, सज्जात किंवा लहानशा फरसबंद अंगणात कुंड्या, पिंपे वा कापडी पिशव्यांमध्ये हौसेने वाढवलेली फळझाडे. जमिनीतल्या झाडाची मुळे पाण्यासाठी दूरवर जातात. कुंडीतल्या झाडाला मिळते ते कुंडीत असते तेवढेच. इथली बहुतेक अपयशे त्यामुळे मुळांपाशीच सुरू होतात.

लिंबू, कुमक्वाट (संत्र्यासारखे छोटे फळ), अंजीर, डाळिंब, पेरू आणि स्ट्रॉबेरी ही कुंडीत रुळणारी फळे. अंजिराची मुळे थोडी कोंडली की झाडाची वाढ आवरते आणि फळे लवकर धरतात. वृक्षवर्गीय फळांचे कलमच घ्यावे. बियांच्या रोपाला फळावर यायला अनेक वर्षे लागतात आणि फळ मूळ झाडासारखे निघेलच असे नाही. कलमाच्या जोडाखालून येणारे फुटवे खुंटाचे, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधले त्याचे असतात. ते दिसताच काढावेत, नाहीतर खुंट जोर धरतो आणि वरचे कलम मागे पडते. वरील फळांना सहसा एकच झाड पुरते. सफरचंदाच्या बहुतेक जातींना मात्र त्याच सुमारास फुलणारे दुसऱ्या जातीचे झाड जवळ लागते. जागेवर रोज किमान ६ तास थेट ऊन हवे.

स्ट्रॉबेरीला २० सेंमी. खोल कुंडी पुरते. कलम आधी २५–३० सेंमी. व्यासाच्या कुंडीत लावून दर खेपेस ५–८ सेंमी. मोठ्या कुंडीत हलवत ४५–५० सेंमी.पर्यंत न्यावे. एकदम मोठी कुंडी दिली, तर मुळे न पोचलेली माती ओलीच राहते आणि मुळे कुजतात.

तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे घातले की निचरा सुधारतो, हा समज चुकीचा आहे. बारीक कणांच्या मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. माती पुरती भिजल्यावरच ते खाली जाते. पाण्याने भरलेला थर त्यामुळे खड्यांच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. तळाला भोके ठेवून त्यांवर जाळीचा तुकडा टाकावा आणि सगळी कुंडी एकाच मिश्रणाने भरावी. नुसती बागेतली माती कुंडीत दगडासारखी बसते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), चांगले कुजलेले कंपोस्ट आणि जाड वाळू किंवा परलाइट (ज्वालामुखी खडकापासून केलेले हलके पांढरे दाणे) समप्रमाणात घेतल्यास मिश्रण भुसभुशीत राहते. वरून ४–५ सेंमी. जागा पाण्यासाठी मोकळी सोडावी.

पाण्याचे वेळापत्रक ठरवू नये. बोट ३–४ सेंमी. खुपसून कोरडे लागले तर तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे. कडक उन्हात हे रोज करावे लागते, काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत तर हमखास. माती फार सुकली की कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून वाहून जाते; झाड तहानलेलेच राहते. अशी कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास ठेवावी. कोरड्या ताणानंतर एकदम भरपूर पाणी दिल्याने डाळिंब तडकते.

खत वाढीच्या हंगामात थोडे थोडे, पण नियमित द्यावे. नत्र जास्त झाले की पाने माजतात, फुले मात्र कमी येतात. मातीवर पांढरा थर आणि पानांची करपलेली टोके ही क्षार साचल्याची खूण. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून ते धुवून काढावेत. लिंबाची नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर बहुधा लोह कमी पडते आहे. मातीचा सामू (पीएच) जास्त असताना हे अधिक घडते.

दर २–३ वर्षांनी, नवी पालवी फुटण्याच्या जरा आधी झाड बाहेर काढावे. गोल फिरलेली मुळे कापून मुळांच्या गड्ड्याचा बाहेरचा २–३ सेंमी. थर काढावा, ताजे मिश्रण भरावे आणि फांद्याही त्याच मानाने छाटाव्यात. हे टाळलेले झाड पाणी धरेनासे होते. फांदीवर मुंग्यांची रांग दिसली, तर मावा, खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण शोधावा. मुंग्या त्यांच्या गोड स्रावासाठी येतात आणि त्यांच्या शत्रुकीटकांना हुसकावतात.