लहान मेंदूचा स्ट्रोक आणि बोलणं: पहिल्या अपॉइंटमेंटआधी वाचा

‘रिपोर्टमध्ये लहान मेंदूची उजवी बाजू लिहिली आहे. भाषा तर डाव्या मेंदूत असते ना? मग बाबांना शब्द का सापडत नाहीत?’ हा प्रश्न आमच्या स्पीच थेरपीच्या क्लिनिकमध्ये फोनवर इतक्यांदा येतो, की उत्तर छापूनच ठेवलं आहे.

लहान मेंदूची उजवी बाजू उजव्याच हातापायांचा तोल सांभाळते. पण तिच्या तारा पलीकडे, मोठ्या मेंदूच्या डाव्या अर्ध्याकडे जातात, आणि बहुतेकांची भाषा तिथेच असते. उजवीकडून येणारे संदेश तुटले, की डावीकडचा शाबूत भागही मंदावू शकतो. रिपोर्ट चुकलेला नाही.

त्रास दोन प्रकारचा असतो. एक उच्चाराचा: जीभ जड, प्रत्येक अक्षर सुटं-सुटं, आवाज मध्येच चढतो. तो लगेच कानाला कळतो. दुसरा भाषेचा, आणि तो सहज निसटतो. शब्द उशिरा येतो, क्रियापद अडतं, प्रत्यय गळतात: ‘मी बाजार गेलो’, ‘आई भाजी आणली’. समोरच्याचं बोलणं बहुधा समजतं, नाव-पत्ता बिनचूक सांगता येतो. त्यामुळे घरच्यांना वाटतं, फक्त जिभेचे व्यायाम द्या. ते आम्ही देतोच, पण त्यांनी गळलेला प्रत्यय परत येत नाही. 1998 मध्ये श्माहमान आणि शर्मन या संशोधकांनी लहान मेंदूच्या आजारात भाषा, नियोजन आणि स्वभाव यांत होणारे बदल एकत्र मांडले. पेशंट चिडचिडा किंवा थंड झाला असेल, तर तेही आम्हाला सांगा.

आता मुख्य मुद्दा. तपासणीत आम्ही एका मिनिटात ‘प’पासून सुचतील तितके शब्द विचारतो, माणसांची, गावांची नावं चालत नाहीत. मग एकेका वस्तूला क्रियापद: पोळी म्हटलं की लाटणे, भाजणे. या आजारात नेमकं इथेच अडतं, आणि नेमकं इथेच शेजारी बसलेले नातेवाईक कुजबुजतात, ‘अहो, पाणी म्हणा ना!’ त्या एका शब्दाने चाचणी बाद होते. तोच प्रश्न लगेच पुन्हा विचारला, तर सरावाने आकडा फुगतो. मग दुसऱ्या अक्षरावर, दुसऱ्या दिवशी, पुन्हा बोलवावं लागतं. म्हणून तपासणीपुरते नातेवाईक पेशंटच्या मागे बसतात. काहींना हे कडक वाटतं. पण सुरुवातीचा आकडा खरा नसेल, तर पुढची सुधारणा मोजायची कशावर?

घरीही हेच. पेशंट अडला, की मनात सावकाश दहापर्यंत मोजा. मग पहिलं अक्षर सुचवा. तरीही नाही आलं, तरच शब्द द्या आणि तो त्यांच्याकडून पूर्ण वाक्यात म्हणवून घ्या. मेथीची जुडी समोर ठेवून ‘हिचं काय काय करतात?’ विचारा: निवडणे, धुणे, चिरणे, फोडणीला टाकणे. दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. सलग अर्ध्या तासाने थकवाच येतो. टीव्ही बंद. उच्चारासाठी दर शब्दाला टेबलावर बोटाने एक टिचकी, आणि एका श्वासात छोटंच वाक्य.

एक सूचना मात्र ठळक. बोलणं अचानक आणखी अडखळलं, उलट्या, जोराची डोकेदुखी किंवा गुंगी सुरू झाली, तर आमच्याकडे नको, थेट हॉस्पिटलमध्ये. विशेषतः पहिल्या काही दिवसांत लहान मेंदूची सूज शेजारच्या मेंदूकांडावर, म्हणजे श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या भागावर, दाब आणू शकते.

येताना डिस्चार्ज कार्डासोबत एमआरआयचा रिपोर्टही आणा. नुसता सीटी पुरत नाही. कवटीच्या मागच्या जाड हाडामुळे त्यात हा भाग नीट दिसत नाही. चष्मा आणि कानाचं यंत्र विसरू नका. फिजिओथेरपी करून थेट येऊ नका, दमलेला पेशंट आहे त्याहून वाईट दिसतो. पहिली भेट एक तासाची असते. तिच्या शुल्कात लेखी अहवाल आणि घरच्या सरावाचा कागद धरलेला आहे. परगावी किंवा परदेशी राहणाऱ्यांना मराठीतून सराव हवा असेल, तर पुढची सत्रं व्हिडिओ कॉलवर घेतो. इंग्रजीतल्या सरावाने मराठीचे प्रत्यय बसत नाहीत.