परदेशात राहून भारतीय पासपोर्टचा अर्ज : कोल्हापूरच्या घरात काय तयार हवं

परदेशात नोकरीला असलेल्या मुलाचा पासपोर्ट संपत आला, की कोल्हापुरातल्या घरात पहिला प्रश्न येतो, "आता त्यासाठी इकडं यावं लागणार काय?" यावं लागत नाही. भारतीय नागरिक ज्या देशात राहतो, तिथल्या भारतीय दूतावासाकडं किंवा वाणिज्य दूतावासाकडं तो पासपोर्टसाठी अर्ज करू शकतो. पण अर्ज दुबईत भरला काय किंवा म्युनिकमध्ये, अडायचा तो बहुतेकदा इथल्या कागदांवर अडतो. जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र, आडनावाचं स्पेलिंग, घरच्या पत्त्यावरची पोलिस पडताळणी. म्हणून ही माहिती परदेशातल्या मुलांइतकीच इथं मागं राहिलेल्या आईवडिलांनीही वाचावी, अशी माझी इच्छा आहे.

कधी अर्ज करायचा

प्रौढांचा साधा पासपोर्ट 10 वर्षांचा असतो. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो. पोर्टलवर "रि-इश्यू" हा पर्याय निवडायचा, कारण जुन्याची मुदत वाढवून मिळत नाही. नवीन पुस्तिका येते, तिचा नंबर नवा असतो, आणि जुनी रद्द करून परत दिली जाते.

हे वर्ष हातात असतं ते पुरतं वापरा, असं मी प्रत्येकाला सांगतो. अनेक देश आणि विमान कंपन्या प्रवासाच्या वेळी पासपोर्टची किमान 6 महिने मुदत शिल्लक आहे का हे बघतात. म्हणजे छापलेली तारीख डिसेंबरची असली तरी जूननंतर तो पासपोर्ट प्रवासाला पुरा पडेलच असं नाही. आखातात राहण्याचा परवाना वाढवतानाही हीच अडचण येते. अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्यांसाठी गोष्ट आणखी नाजूक आहे. देशात शिरताना विमानतळावरचा अधिकारी आय-94 नोंदीवर राहण्याची जी शेवटची तारीख टाकतो, ती पासपोर्ट आधी संपत असेल तर पासपोर्टच्या तारखेपर्यंतचीच टाकू शकतो. व्हिसाची मंजुरी दोन वर्षांची आणि आय-94 सात महिन्यांची, असं झालेलं लक्षातच येत नाही. सुट्टीला कोल्हापूरला येऊन परत जाणाऱ्यांनी ती नोंद प्रत्येक वेळी उघडून बघायलाच हवी.

पासपोर्ट संपून 3 वर्षांहून जास्त काळ गेला असेल तर तपासणी वाढते आणि कागदही वाढतात. तिथवर जाऊ देऊ नका.

कुठं आणि कसा

परराष्ट्र मंत्रालयाचं दूतावासांसाठी पासपोर्ट सेवेचं वेगळं पोर्टल आहे. त्यावर खातं उघडून आपला देश आणि आपल्या भागाचा दूतावास निवडायचा. ही निवड मनानं करायची नसते, राहत्या पत्त्यावरून ठरलेली असते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत सुरुवात करून जर्मनीत स्टुटगार्टकडं गेलेल्या इंजिनिअरचा अर्ज बर्लिनला जात नाही. तो भाग म्युनिकच्या वाणिज्य दूतावासाकडं येतो. दुबई आणि शारजावाल्यांचं काम दुबईच्या वाणिज्य दूतावासाकडं, अबू धाबीवाल्यांचं तिथल्या दूतावासाकडं.

फॉर्म ऑनलाइन भरून त्याची प्रिंट काढायची. पुढं बहुतेक देशांत कागद थेट दूतावासात घेत नाहीत. ते काम बाहेरच्या कंपनीकडं दिलेलं असतं. कुठं व्हीएफएस ग्लोबल, कुठं बीएलएस इंटरनॅशनल. त्यांची वेळ घेऊन जायचं किंवा, जिथं सोय आहे तिथं, पोस्टानं पाठवायचं. पासपोर्ट द्यायचा की नाही हे ठरवतो दूतावासच. ही केंद्रं फक्त कागद गोळा करतात. तेव्हा काउंटरवरच्या माणसानं "होऊन जाईल" म्हटलं म्हणून विमानाचं तिकीट काढू नका.

पासपोर्टचं सरकारी शुल्क, त्या कंपनीचं सेवाशुल्क आणि भारतीय समुदाय कल्याण निधीची छोटी रक्कम असा एकूण खर्च असतो. हा निधी 2009 मध्ये सुरू झाला. परदेशात अडकलेल्या कामगाराला मदत करायला, कुणाचं पार्थिव घरी आणायला त्यातून खर्च होतो. आखातात माणसं असलेल्या घरांनी हा निधी आहे एवढं तरी माहीत करून ठेवावं.

36 पानी आणि 60 पानी अशा दोन पुस्तिका मिळतात. वारंवार फिरणाऱ्यानं थोडे जास्त पैसे देऊन 60 पानी घ्यावी. पानं संपली म्हणून मुदतीआधीच पुन्हा अर्ज करण्यापेक्षा ते परवडतं.

कागद कोणते

साध्या रि-इश्यूला, म्हणजे नाव, जन्मतारीख, जोडीदार काहीच बदलायचं नसेल तेव्हा, यादी लहान असते. मूळ पासपोर्ट, त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पानांच्या प्रती, त्या देशात कायदेशीर राहत असल्याचा पुरावा (व्हिसा, निवास परवाना, एमिरेट्स आयडी, ग्रीन कार्ड, जे लागू असेल ते), तिथल्या पत्त्याचा पुरावा आणि फोटो. फोटोला पांढरी पार्श्वभूमी हवी, चष्मा काढायचा, चेहरा सरळ, डोळे उघडे. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या नियमांत न बसणारा फोटो हल्ली परत पाठवतात, त्यामुळं घरच्या भिंतीसमोर मोबाइलवर काढलेल्या फोटोवर विसंबू नये. सही चौकटीच्या आतच करायची. मूळ पासपोर्ट अर्जासोबत बऱ्याच ठिकाणी जमा करावा लागतो, म्हणून त्या आठवड्यांत प्रवास ठेवू नका.

काही बदलायचं असेल तर मात्र कोल्हापूरच्या कागदांशी गाठ पडते.

पहिलं नाव. आपल्याकडं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी रीत. पासपोर्टवर दोनच रकाने असतात, दिलेलं नाव आणि आडनाव. वडिलांचं नाव पहिल्या रकान्यात स्वतःच्या नावापुढं येतं किंवा गाळलं जातं. एकदा जे छापलं गेलं तेच व्हिसावर, तिथल्या बँकेत, नोकरीच्या करारावर उतरतं. त्यामुळं पुढच्या पासपोर्टवर ते "जरा नीट करून घेऊ" म्हणणं सोपं नाही. इंग्रजी स्पेलिंगचा घोळ तर घरोघरी आहे. पोवार हे आडनाव शाळेच्या दाखल्यावर एका पद्धतीनं, वडिलांच्या आधारवर पवारासारखं. चौगुले तीन भावांचे तीन प्रकारांनी. फॉर्म भरताना आधीच्या पासपोर्टवर जे आहे ते अक्षर न् अक्षर तसंच लिहायचं. ते चुकीचं असेल आणि दुरुस्तच करायचं असेल तर तो नावातला बदल म्हणून, पुराव्यासह मागायचा. गुपचूप बदलून टाकायचा नाही. मोठा बदल असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नोंद किंवा वर्तमानपत्रातल्या जाहिराती मागतात, आणि ती धावपळ इथल्याच कुणाला तरी करावी लागते.

लग्नानंतर मुलीनं पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे, असा नियम नाही. माहेरच्या नावानं पासपोर्ट, व्हिसा, पदवी सगळं असेल तर ते तसंच राहू द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. जोडीदाराचं नाव तेवढं नोंदवून घेता येतं. त्यासाठी लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र हा सगळ्यात सरळ कागद. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंदणी न करता मुलीला परदेशी पाठवू नका. कार्यालयातल्या फोटोंचा अल्बम कितीही मोठा असला तरी तो कागद नव्हे.

दुसरं, जन्मठिकाण. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. त्यामुळं राहणं पिढ्यान् पिढ्या कोल्हापुरात आणि जन्म निपाणीचा किंवा बेळगावचा, अशी माणसं आपल्याकडं भरपूर आहेत. फॉर्ममध्ये जन्मठिकाण कर्नाटक येईल, राज्य महाराष्ट्र टाकायचं नाही. दाखलाही तिथल्या नगरपालिकेचाच लागेल. तसाच जन्मतारखेचा प्रश्न. ज्येष्ठांच्या कागदांवर 1 जून ही शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली तारीख सर्रास दिसते. ती पासपोर्टवर एकदा आली की बदलणं फार कठीण जातं. मुलांकडं जाऊन राहायच्या तयारीत असलेल्यांनी पहिला पासपोर्ट काढतानाच जन्मनोंद शोधून घ्यावी. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो.

तिसरं, दहावी. ज्यांच्या पासपोर्टवर ईसीआरची (परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक, अशी) नोंद आहे त्यांना नोकरीसाठी आखाती देशांसह ठरावीक 18 देशांत जाताना परवानगी काढावी लागते. दहावी उत्तीर्ण झालेल्याला ती नोंद काढून घेता येते. कोल्हापूर विभागीय मंडळाचं जुनं प्रमाणपत्र घरात कपाटात पडलेलं असतं आणि माणूस कुवेतमध्ये तसाच ईसीआरचा पासपोर्ट वागवत असतो. रि-इश्यूच्या वेळी ते जोडा. 3 वर्षं परदेशात राहिल्याच्या पुराव्यावरही ही नोंद निघू शकते.

पोलिस पडताळणी

फॉर्ममध्ये परदेशातल्या पत्त्याबरोबर भारतातला कायमचा पत्ताही भरावा लागतो. प्रत्येक रि-इश्यूला पडताळणी होतेच असं नाही, पण झाली तर चौकशी त्या पत्त्यावर येते. शाहूपुरी असो, जुना राजवाडा असो, राजारामपुरी असो की गावाकडं करवीर, ज्या ठाण्याच्या हद्दीत घर आहे तिथून फोन येतो किंवा माणूस येतो. "पोरगं कुठं असतंय?" या प्रश्नाला घाबरून "इथं न्हाई राहत" एवढंच उत्तर दिलं, तर अहवालात अर्जदार पत्त्यावर आढळला नाही असं जाऊ शकतं. स्पष्ट सांगावं की हे त्याचं कायमचं घर आहे, तो अमुक देशात नोकरीला आहे, त्यानं तिथल्या दूतावासात अर्ज केलाय. त्याच्या पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत, घराचं वीजबिल किंवा घरफाळ्याची पावती समोर ठेवावी.

यासाठी मुलानं अर्ज केल्या दिवशीच घरी अर्जाचा क्रमांक कळवायला हवा. घर बदललं असेल, जुनं घर विकून आई-वडील फ्लॅटमध्ये आले असतील, तर जुन्या पासपोर्टवरचा पत्ता तसाच उतरवून काढू नका. चालू असलेला फोन नंबर द्या.

मुलं

अठरा वर्षांखालच्यांचा पासपोर्ट साधारणपणे 5 वर्षांचा, किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा, जे आधी असेल ते. दोघा पालकांची संमती लागते, परिशिष्ट 'ड' प्रमाणं. वडील मस्कतला आणि आई कोल्हापुरात अशी स्थिती असेल तर इथल्या पालकाचं प्रतिज्ञापत्र आणि पासपोर्टची प्रत वेळेत पाठवावी लागते.

परदेशात जन्मलेल्या बाळाबाबत एक तारीख विसरून चालत नाही. भारतीय आईवडिलांच्या बाळाला भारतीय नागरिकत्व हवं असेल तर जन्माची नोंद भारतीय दूतावासात एका वर्षाच्या आत करायची. नागरिकत्व कायदा, 1955 चं कलम 4 तसं सांगतं. बाळाकडं दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असंही लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी लागते. बारसं कोल्हापुरात आजी-आजोबांसमोर करायचं म्हणून नावनोंदणी लांबवणारी जोडपी मी पाहिली आहेत. बारसं कधीही करा, नोंद आधी करा. अमेरिकेत जन्मलेलं बाळ जन्मानंच तिथलं नागरिक होतं. त्याचा अमेरिकी पासपोर्ट काढला की भारतीय काढता येत नाही, ओसीआय कार्डाचा, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डाचा, मार्ग उरतो. मोठ्यांनीही दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं आणि पासपोर्ट जमा करून तसं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. जपून ठेवलेला जुना पासपोर्ट प्रवासाला वापरणं गुन्हा आहे.

हरवला तर

आधी त्या देशातल्या पोलिसांकडं तक्रार, मग तिची प्रत घेऊन दूतावासाकडं. तातडीनं घरी यायचं असेल तर आपत्कालीन प्रमाणपत्र मिळतं, पण ते भारतात परत येण्यापुरतंच. पासपोर्टच्या पानांचे फोटो कोल्हापुरातल्या एका विश्वासू माणसाकडं असले की निम्मा ताण कमी होतो. आखातात मालक पासपोर्ट स्वतःकडं ठेवून घेतो, तिथं तर हे फोटो हवेतच. तारीख कधी संपते हे कामगाराला कळायला दुसरा मार्ग नसतो. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, मालकाची नाही. अडवून ठेवला तर दूतावासाकडं आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार करता येते. ती घरच्यांनाही इथून करता येते.

सुट्टीत कोल्हापुरात काढला तर?

चालतो. कोल्हापुरात पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्र आहे, ते पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतं. साध्या 36 पानी पासपोर्टला इथं 1500 रुपये लागतात, परदेशापेक्षा बरेच कमी. तरीही दोन-तीन आठवड्यांच्या सुट्टीत हे करू नका. काउंटरवर जुना पासपोर्ट रद्द होतो आणि नवा स्पीड पोस्टानं अर्जदाराच्या स्वतःच्या हातात द्यायचा असतो. मध्येच गणपती किंवा निवडणुकीचा बंदोबस्त आला आणि पडताळणी लांबली, तर परतीचं तिकीट हातात आणि पासपोर्ट नाही, अशी अवस्था होते. दोन-तीन महिने राहणार असाल तरच विचार करा.

नवा पासपोर्ट हातात पडला की त्याच दिवशी नाव, आईवडिलांची नावं, जन्मठिकाण, पत्ता वाचून काढा आणि चूक दिसली तर लगेच कळवा. जुनी रद्द पुस्तिका टाकू नका. तिच्यात चालू व्हिसा असेल, उदाहरणार्थ अमेरिकेचा, तर दोन्ही पुस्तिका सोबत घेऊन प्रवास करायचा असतो. नवा नंबर मालकाला, त्या देशाच्या परवाना कार्यालयाला आणि कोल्हापुरातल्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्याच्या बँकशाखेला कळवा. केवायसी जुन्या पासपोर्टवर राहिली की पुढं घरी पैसे काढताना अडचण येते, आणि तेव्हा बँकेत हेलपाटे आईवडिलांना घालावे लागतात.