परक्या दृश्यावर जुने गाणे का जुळते?

‘द विझर्ड ऑफ ऑझ’ हा १९३९ सालचा चित्रपट आवाज बंद करून लावायचा आणि त्यासोबत पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचा १९७३ सालचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम वाजवायचा, हा प्रयोग असंख्य हौशी रसिकांनी करून पाहिला आहे. नायिका दार उघडून तपकिरी छटांच्या जगातून रंगीत दुनियेत पाऊल टाकते, त्याच सुमारास गल्ल्याच्या यंत्राच्या खणखणाटाने सुरू होणारे गाणे लागते आणि हे सारे कोणीतरी मुद्दाम जुळवले असावे असे वाटू लागते. बँडच्या सदस्यांनी असा हेतू कधीच नव्हता असे सांगितले आहे. तरीही जुळल्याचा तो अनुभव खोटा म्हणता येत नाही, कारण तो पाहणाऱ्याच्या मेंदूत खरोखरच घडत असतो.

त्यातला योगायोगाचा वाटा किती, याचा ढोबळ हिशेब मांडता येतो. दूरचित्रवाणीसाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार आवाज चित्रापेक्षा सुमारे ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला, तरी ती तफावत सहसा लक्षात येत नाही. उशिराला सवलत जास्त आहे, आणि त्यात नवल नाही. ३४ मीटर अंतरावर फोडलेल्या नारळाचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचायला सुमारे १०० मिलिसेकंद लागतातच. आता मिनिटाला १२० ठोके असलेले गाणे घेतले, तर दर ५०० मिलिसेकंदांना एक ठोका पडतो आणि त्याभोवती १७० मिलिसेकंदांची सूट मिळते. म्हणजे दृश्यातला बदल कोणत्याही क्षणी झाला, तरी तो ठोक्यावरच पडल्यासारखा वाटण्याची शक्यता ३४ टक्के, अर्थात तिनात एक. जे बदल ठोक्यावर पडत नाहीत ते आपण विसरून जातो, आणि पडलेले मात्र मनात ठसतात.

आवाज केवळ दृश्याला साथ देत नाही, तर प्रत्यक्ष काय दिसते तेही बदलतो. १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पडद्यावर दोन ठिपके समोरासमोरून येऊन एकमेकांवरून जात होते. आवाज नसताना ते बहुतेक वेळा एकमेकांतून आरपार गेल्यासारखे दिसत. मात्र भेटीच्या क्षणी ‘टिक्’ असा बारीक आवाज होताच, ते आदळून मागे फिरल्याचे पाहणाऱ्यांना कितीतरी अधिक वेळा दिसू लागले. चित्रात एका रेषेचाही फरक नव्हता. १९८८ साली मार्शल आणि कोहेन या संशोधकांनी त्रिकोण आणि वर्तुळ इकडून तिकडे फिरणारी साधी चित्रफीत वेगवेगळ्या संगीतासह दाखवली, तेव्हा त्या निर्जीव आकारांच्या स्वभावाबद्दलची प्रेक्षकांची मतेही संगीताप्रमाणे बदलली.

आधीपासून असलेले संगीत वापरण्याचे मोठे धाडस दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या १९६८ सालच्या चित्रपटात केले. अॅलेक्स नॉर्थ यांच्याकडून खास लिहून घेतलेले संगीत त्यांनी बाजूला ठेवले आणि अवकाशस्थानकाच्या दृश्याला योहान श्ट्राउस यांचा एकोणिसाव्या शतकातला ‘ब्लू डॅन्यूब’ हा वॉल्ट्झ (तीन मात्रांच्या तालावरचे, गिरक्या घेत नाचण्याचे युरोपीय नृत्यसंगीत) दिला. तिथे आघातावर आघात जुळवण्याचा प्रश्नच फारसा येत नाही. स्थानकाचे संथ, अखंड फिरणे आणि वॉल्ट्झची गोलाकार चाल यांची गती एकाच जातीची आहे, आणि माझ्या मते असे जुळणे ठोक्यांच्या योगायोगापेक्षा कितीतरी टिकाऊ असते.

हा फरक घरच्या घरी तपासता येतो. आवाज बंद केलेल्या दृश्यावर एक गाणे लावावे, मग तेच गाणे दोन-तीन सेकंद पुढे सरकवून पुन्हा पाहावे. ठोक्यांवर जुळलेल्या जागा बहुधा बदलतील आणि तितक्याच ठसठशीत नव्या जागा सापडतील. दृश्याचा एकूण भाव मात्र फारसा हलणार नाही. पहिल्या खेपेला शब्द नसलेले वाद्यसंगीत घ्यावे हे बरे, कारण ओळखीच्या गाण्याचे शब्द आणि त्यामागच्या आठवणी लक्ष स्वतःकडे ओढून घेतात, आणि मग परिणाम चालीचा की शब्दांचा हे वेगळे काढणे कठीण होऊन बसते.