डीऑन सँडर्स एकाच दिवशी दोन्ही खेळ खेळला? नाही!

डीऑन सँडर्सने एकाच दिवशी अमेरिकन फुटबॉल आणि बेसबॉल, दोन्हींचे व्यावसायिक सामने खेळले, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. तसं झालं नाही. ११ ऑक्टोबर १९९२ रोजी दुपारी हा कॉर्नरबॅक (फुटबॉलमधला बचावपटू) मायामीत अटलांटा फाल्कन्स या फुटबॉल संघाकडून खेळला, संघ २१-१७ असा हरला आणि गडी विमानाने पिट्सबर्गला पोहोचला. रात्री अटलांटा ब्रेव्ह्ज या त्याच्या बेसबॉल संघाचा गणवेश चढवून तयारही झाला. पण मॅनेजर बॉबी कॉक्सने त्याला मैदानात उतरवलंच नाही. एवढी धावपळ करून! ब्रेव्ह्जही ७-१ हरले.

खरा विक्रम याहून भारी आहे. सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना) आणि वर्ल्ड सिरीज (बेसबॉलची अंतिम मालिका) दोन्ही खेळलेला तो एकमेव खेळाडू. त्याच महिन्यातल्या वर्ल्ड सिरीजमध्ये पायाचं हाड मोडलेलं असताना त्याने १५ ॲट-बॅट्समध्ये (फलंदाजीच्या संधींमध्ये) ८ हिट्स (यशस्वी फटके) मारल्या.