फेकून दिलेलं ऑइल

टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडल्यावर आत जे दिसलं, ते मी तोवर फक्त फोटोत पाहिलं होतं. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे कॅमशाफ्टच्या भोवती, कानाकोपऱ्यांत, करपलेल्या गुळाच्या पाकासारखा काळा थर. मिस्त्रीनं त्यावरून बोट फिरवलं, तर रेघ तशीच राहिली. गाडी आमच्या शेजारच्या काकांची, इंदूरच्या रामबागेतली. तिसरं वर्ष चालू, मीटरवर जेमतेम ११,००० किलोमीटर, वॉरंटी शिल्लक. देवास नाक्याच्या अलीकडे ऑइलचा लाल दिवा लागला, पाठोपाठ खालून ठकठक सुरू झाली आणि इंजिन जाम झालं.

वर्कशॉपनं जॉब कार्डावर लिहिलं की देखभालीत हयगय झाली आहे, वॉरंटी लागू नाही. काकांना ते पटेना. ‘‘अरे, ऑइल दहा हजाराला बदलायचं असतं ना? मागच्या सर्व्हिसनंतर माझी गाडी साडेचार हजारसुद्धा चालली नाही!’’ मी मॅन्युअल उघडलं. त्यात ‘१०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, यांपैकी जे आधी होईल ते’ असं होतं. काकांचे १९ महिने झाले होते.

म्हणजे चूक काकांची, असं तिथंच म्हणता आलं असतं. पण हा लगदा कसा तयार होतो हे कळल्यावर तो निवाडा मला इतका सरळ वाटेना.

एक लिटर पेट्रोल जळलं की एक लिटरहून थोडं जास्तच पाणी तयार होतं. बहुतेक सगळं वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. पण पिस्टनच्या रिंगा कितीही घट्ट बसलेल्या असल्या, तरी थोडा वायू त्यांच्या फटीतून खाली ऑइलकडे उतरतोच. त्यात पाण्याची वाफ असते, अर्धवट जळलेलं पेट्रोल असतं, नायट्रोजनचे ऑक्साइड असतात. ते ऑइलशी अभिक्रिया करतात, आम्लं तयार होतात, आणि ऑइलचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन जड, चिकट होत जातात. इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, कचोरी तळणाऱ्याची कढई बघा. तिच्या काठावर जी तपकिरी, नखानंही न निघणारी पुटं बसतात, तीही तापलेल्या तेलाची हवेशी अशीच अभिक्रिया होऊन तयार झालेली असतात.

चांगल्या ऑइलमध्ये याचा बंदोबस्त केलेला असतो. आम्ल मारायला कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमची अल्कधर्मी संयुगं असतात. काजळीच्या कणांना वेगवेगळं धरून ठेवणारे रेणू असतात. त्यांच्यामुळे कण एकत्र येऊन गोळा होत नाही. म्हणून वापरातलं ऑइल काळं दिसलं तर घाबरू नये, ते आपलं काम करतंय. पण हा साठा मोजका असतो. तो संपला की मोकळे सुटलेले कण पाण्याच्या आधारानं एकमेकांना चिकटतात आणि थंड कोपऱ्यांत बसू लागतात. हाच स्लज.

आता काकांची गाडी कशी चालायची, ते पाहा. सकाळी रामबागेतून राजवाड्याच्या बाजूला, जेमतेम दोन किलोमीटर. दुपारी परत. आठवड्यातून एकदा विजयनगरला मुलीकडे, तेही प्रत्येक सिग्नलवर थांबत. मालव्याच्या रात्री थंड, त्यासाठीच नावाजलेल्या. हिवाळ्यात पहाटे पारा दहाच्या खाली जातो. माणसाला ती हवा सुखाची, इंजिनाला नाही. पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर आला, तरी ऑइल अजून कोमटच असतं. त्यातलं पाणी आणि पेट्रोल उडून जायला ते बराच वेळ चांगलं तापायला हवं, आणि काकांची गाडी तेवढ्यात बंद व्हायची.

शिवाय मीटर किलोमीटर मोजतो, ऑइल मात्र तासांनी म्हातारं होतं. शहरात सरासरी वेग ताशी १५ धरला, तर काकांचे ४,५०० किलोमीटर म्हणजे ३०० तास. हायवेवर ताशी ६०नं तेवढ्याच तासांत १८,००० किलोमीटर होतात. इथून जवळच पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे. तिथं तासन्‌तास भरधाव पळणाऱ्या गाडीचं ऑइल सतत तापलेलं असतं, त्यात पाणी टिकत नाही. रामबाग ते राजवाडा ही परीक्षा वेगळी आहे आणि या बाबतीत ती अधिक कठीण आहे. मॅन्युअलमध्ये मागच्या पानांवर बारीक अक्षरात ‘कठीण वापर’ असा तक्ता असतो: छोट्या फेऱ्या, धूळ, ट्रॅफिकमध्ये उभं राहणं. अशा वापरासाठी त्यात ऑइल लवकर बदलायला सांगितलेलं असतं. आपल्या शहरातल्या बहुतेक गाड्या याच तक्त्यात बसतात, आणि गाडी हातात देताना हे कुणी समजावून सांगत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

पण स्लज होण्याचं हे एकच कारण नाही. तापमान दर १० अंशांनी वाढलं की ऑइल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो; हेडचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचा, एखादा कोपरा प्रमाणाबाहेर तापत असेल, तर वेळेवर बदललेलं ऑइलही तिथं करपतं. खाली उतरलेला वायू बाहेर ओढून घेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह अडकला, तर सगळी घाण आतच राहते. हेडखालच्या पातळ पट्टीतून, म्हणजे हेड गॅस्केटमधून, इंजिन थंड ठेवणारं कूलंट झिरपलं, तरी लगदा होतो. शेवट सगळ्यांचा एकच. ऑइल चेंबरच्या तळाशी पंपाची जाळीची गाळणी असते, ती बुजते, आणि चेंबरमध्ये ऑइल असूनही बेअरिंग कोरडी पडतात.

अमेरिकेत टोयोटाच्या बाबतीत असाच वाद झाला. १९९७ ते २००२ या मॉडेल-वर्षांच्या काही इंजिनांत स्लजच्या तक्रारी येऊ लागल्या, तेव्हा ऑइल वेळेवर न बदलल्याचा ठपका मालकांवर आला. मालक बिलं दाखवू लागले. २००२ मध्ये कंपनीनं सुमारे ३३ लाख गाड्यांना खरेदीपासून आठ वर्षांचं संरक्षण दिलं. डिझाइनमध्ये दोष असल्याचं मात्र मान्य केलं नाही. २००४ मध्ये फोक्सवॅगननंही पसाट आणि ऑडी ए४ मधल्या १.८ लिटर टर्बो इंजिनासाठी आठ वर्षांची हमी दिली. दोन्हीकडे ऑइल बदलल्याचा पुरावा मालकानं दाखवायचा होता.

नुसत्या डोळ्यांना सगळे स्लज सारखेच दिसतात. प्रयोगशाळेत मात्र फरक कळतो. सिलिकॉन जास्त निघालं तर बहुधा धूळ आत गेलेली असते. सोडियम, पोटॅशियम किंवा ग्लायकॉल सापडलं तर कूलंटची गळती, आणि मग ‘हयगय’ हा शब्द अपुरा पडतो. इन्फ्रारेड तपासणीत उष्णतेनं झालेली खराबी आणि खाली उतरलेल्या वायूंनी झालेली खराबी वेगवेगळी मोजता येते. कॅल्शियम, जस्त, फॉस्फरस यांच्या प्रमाणावरून मॅन्युअलमध्ये सांगितलेलं ऑइलच भरलं होतं का, याचाही अंदाज येतो. काकांची मागची सर्व्हिस याच वर्कशॉपमध्ये झाली होती.

कायद्यातही याची सोय आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३८ प्रमाणे, तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि ४५ दिवसांत अहवाल मागवतो. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची.

पण नमुना हवा. काकांच्या गाडीचं ऑइल वर्कशॉपनं पहिल्याच दिवशी काढून जुन्या ऑइलच्या ड्रममध्ये ओतलं, फिल्टर भंगारात गेला. आम्ही चौथ्या दिवशी पोचलो. गाडी टो होऊन जाण्याआधीच काकांनी लिहून द्यायला हवं होतं की ऑइल माझ्यासमोर काढा, निम्मं ऑइल वाहून गेलं की कोरड्या बाटलीत थोडं धरा, तारीख आणि मीटरचा आकडा लिहून दोघांच्या सह्या करा, आणि फिल्टर मला परत द्या. हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

गाळणी तेवढी इंजिनातच होती. ती मी मागून घेतली. सर्व्हिस ॲडव्हायझरनं आधी का-कू केलं, मग पिशवीवर सही केली. तिच्या जाळीत लगदा अजून आहे. पिशवी सीलबंद करून काकांच्या देवघराखालच्या कपाटात ठेवली आहे, आणि सोमवारी आम्ही जिल्हा आयोगात अर्ज घेऊन जाणार आहोत.